द्या इकडे, धरते मी

"द्या इकडे, धरते मी," असं म्हणून जीजी उजव्या हाताचा तळवा पुढे करायच्या. बोटं जरा आत वळलेली, देवळात तीर्थ घेतात तशी. त्या तळव्यात आमच्या निम्म्या कारखान्याने काय काय ठेवलंय म्हणून सांगू. घड्याळं, चष्मे, अंगठ्या, जानव्याला बांधलेल्या कपाटाच्या किल्ल्या. स्टोअरच्या हेडक्लार्कने तर एकदा आपली कवळी कागदात गुंडाळून दिली होती. जीजींनी तीही घेतली. एवढंच म्हणाल्या, "ही वेगळ्या रुमालात बांधते हं."

जीजी आमच्या कारखान्याच्या टेलिफोन ऑपरेटर. सत्तर सालानंतर देवासला एकामागून एक कारखाने उभे राहत होते आणि साताऱ्या-सांगलीकडची आमच्यासारखी पोरं नोकरीला येत होती. मी ड्रॉइंग ऑफिसात लागलो. जीजी मात्र इथल्याच, चार पिढ्यांच्या. वडील संस्थानच्या कचेरीत होते. लग्न झालेलं नव्हतं. का नव्हतं, ते विचारायची आमची छाती नव्हती. माळव्यात थोरल्या बहिणीला जीजी म्हणतात. मशीन शॉपमधल्या पोरांनी ते नाव ठेवलं आणि आम्ही मराठी लोकांनीही तेच उचललं.

त्यांचं मराठी ऐकून आम्हाला हसू यायचं आणि आमचं ऐकून त्यांना. त्या 'बसा' म्हणत नसत, 'बसावं' म्हणत. आणि पुढच्याच क्षणाला फोनवर, "भिया, साब तो टेकरी पे दर्शन को गए, लाइन पकड़ के रखो." हे 'पकड़ के रखो' दिवसातून शंभर वेळा. मराठी माणूस असला तर 'धरून ठेवा'. जिन्याखालच्या बिनखिडकीच्या खोलीत बसून त्या दिवसभर कुणाची ना कुणाची लाइन धरून ठेवत.

आणि कान कसले तिखट. आपण रिसीव्हर उचलायचा, अजून तोंड उघडलेलं नसायचं, तोवर पलीकडून यायचं, "सर्दी झालीय वाटतं. काढा घ्यावा." एकदा आमच्या साहेबांनी घरी फोन लावायला सांगितला, तर त्या म्हणाल्या, "दहा मिनिटांनी लावते. आत्ता आपण रागावलेले आहात." साहेब आधी भडकले. दहा मिनिटांनी घरी नीट बोलले. हे साहेबांनीच मला सांगितलं, म्हणून खरं मानायचं.

दरवर्षी भाद्रपदात, पावसाचा जोर ओसरला की आमची सहल निघायची. शनिवारी दुपारी पाळी सुटली की कंपनीची बस, तीस-पस्तीस माणसं, पुरीभाजीचे डबे. मुक्काम उदयनगरच्या एका धर्मशाळेत आणि रविवारी सकाळी पुढे जंगलातल्या धबधब्यावर. बस थांबायची तिथून धबधबा दिसत नसे. मोहाची चार झाडं, थोडी सपाट जागा आणि खाली उतरणारी दगडांची वाट. वर यायचा तो नुसता आवाज.

पहिल्या सहलीत फोरमनचा चष्मा माकडाने पळवला. दुसऱ्या वर्षी सामानापाशी कुणीतरी वर बसायचं ठरलं. कुणीतरी म्हणजे कोण, यावर बसमध्ये जो तो खिडकीबाहेर बघायला लागला. तेवढ्यात त्या वर्षी पहिल्यांदाच आलेल्या जीजी म्हणाल्या, "मी बसते." झालं. त्या बसल्या, आणि मग दरवर्षी बसतच राहिल्या.

मोहाखाली सतरंजी टाकून, पांढऱ्या रुमालांची चळत मांडीवर घेऊन त्या बसत. एकेकाची वस्तू एकेका रुमालाच्या कोपऱ्यात, वर गाठ. नावबिव काही लिहायच्या नाहीत. आम्ही दोन-अडीच तासांनी ओल्या केसांनी वर यायचो, हात पुढे करायचो, आणि बरोब्बर आपली गाठ हातात पडायची. शिवाय घड्याळाला चावी दिलेली असायची. "दोन मिनिटं मागे होतं. लावलंय," म्हणायच्या. आम्ही 'थँक यू जीजी' म्हणून पुरीभाजीवर तुटून पडायचो.

तुम्ही म्हणाल, ही बाई इतक्या लांब येते आणि धबधबा न बघता परत जाते, हे तुमच्यापैकी एकालाही खटकलं नाही? नाही खटकलं. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल, आठवून बघा. कुणी म्हणायचं, जीजींना पाण्याची भीती आहे. कुणी म्हणायचं, गुडघे दुखतात. आम्ही आपसात सगळं ठरवून टाकलं होतं. त्यांना विचारायचं तेवढं राहिलं होतं.

माझ्या तिसऱ्या सहलीत धर्मशाळेच्या पायरीवरून माझा पाय मुरगळला. सगळे खाली गेले आणि मी चरफडत जीजींच्या शेजारी बसलो.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "आज पाणी गेल्या वर्षीपेक्षा जास्त आहे."

"तुम्हाला काय माहीत? इथून तर काहीच दिसत नाही."

"आवाज जाड आहे. आणि आत्ता कुणीतरी धारेखाली शिरलंय. मध्येच तुटतो बघा."

मी कान दिला. मला काही तुटलेलं ऐकू आलं नाही. उगीच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "जीजी, तुम्हाला पाण्याची भीती वाटते का हो?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हसल्याच. "भीती? अहो, गावातल्या मिठ्या तलावात मी या काठाहून त्या काठाला जात असे. आमच्या आबांनी शिकवलं. पाठीला वाळके भोपळे बांधून सोडायचे. महिन्याभरात भोपळे सुटले."

"मग?"

"मग काय. बाराव्या वर्षी लुगडं आलं अंगावर आणि तलाव बंद. काकू म्हणाल्या, पुरे आता." त्या हातातल्या रुमालाची गाठ सोडून पुन्हा मारत होत्या. "तलावाचं पाणी खालून धरतं आपल्याला. हे वरून पडणारं. याच्याखाली एकदा उभं राहायचंय. म्हणून तर येते मी दरवर्षी."

"अहो, मग खाली का येत नाही?"

"सामान कुणाकडे द्यावं?"

हे त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं. कुणावर राग नाही, तक्रार नाही. बोर्डावर एखादी लाइन रिकामी नसते तशा त्या रिकाम्या नव्हत्या, इतकंच.

मग त्यांनी हळूच विचारलं, "कसं वाटतं हो, धारेखाली?"

मी दोन वर्षं तिथे हुंदडलेला माणूस. पण शब्द म्हणून सापडेना. "मारतं," मी म्हटलं. "खांद्यावर मारतं. पण बरं वाटतं."

"मारतं," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

"जीजी, पुढच्या वर्षी मी वर बसतो. तुम्ही खाली जायचं. शब्द देतो."

"लक्षात राहील?"

"म्हणजे काय."

"बरं," त्या म्हणाल्या. "धरून ठेवते."

त्या हिवाळ्यात माझं लग्न झालं. पुढच्या भाद्रपदात मी बायकोला घेऊन सहलीला गेलो. साताऱ्याकडची मुलगी, सहा महिने देवासच्या उन्हाला आणि पोह्यांना नावं ठेवून कंटाळलेली. तिला कधी एकदा तो धबधबा दाखवतो असं मला झालं होतं. बस थांबली, मी उडी मारून उतरलो, आणि त्या तळव्यात सगळ्यात पहिलं घड्याळ पडलं ते माझं. पाठोपाठ बायकोच्या बांगड्याही मीच ठेवल्या. जीजींनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मला वाटलं, नवा जोडा म्हणून कौतुकाने बघतायत.

"द्या इकडे," त्या म्हणाल्या. "धरते मी."

आम्ही तीन तास खाली होतो. त्या दिवशी पाणी असं होतं की विचारू नका. वर आलो, गाठी घेतल्या, जेवलो, बस निघाली. अर्ध्या वाटेवर बायको मला म्हणाली, "काय हो, त्या जीजींनी पिशवीत टॉवेल आणि कोरडी साडी कशाला आणली होती? मी पाणी घ्यायला गेले तेव्हा दिसली. त्या तर खाली आल्याच नाहीत."

मी मान उंचावून पुढे बघितलं. जीजी पुढच्या सीटवर बसल्या होत्या. मांडीवर ती पिशवी आणि पिशवीवर दोन्ही हात. साडीची घडी मोडलेली नव्हती. मी माणूस म्हणून फार वाईट आहे असं नाही, पण त्या दिवशी मला माझी जी लाज वाटली ती आजही जात नाही. देवास येईपर्यंत मी उठून त्यांच्याशी बोलायला गेलो नाही. तेवढंही धैर्य झालं नाही.

सोमवारी ड्रॉइंग ऑफिसातला फोन उचलला.

"नंबर?" जीजी म्हणाल्या.

"नंबर नकोय, जीजी. मी चुकलो. पार विसरलो."

मग त्या म्हणाल्या, "हे कामाचं मशीन आहे. यावर असलं बोलू नये." आणि जरा थांबून, "तुमचा शब्द मी धरून ठेवलाय. कट केलेला नाही."

त्याच आठवड्यात मी त्यांना म्हटलं, सहलीची वाट कशाला बघायची, एखाद्या रविवारी माझ्या मोटारसायकलवर चला. त्या म्हणाल्या, "तुमची बायको चांगली आहे. गाव चांगलं नाही. तुमच्यामागे बसून मी जंगलात गेले, तर टेकरीवरच्या देवीला कळायच्या आत गावाला कळेल." मग म्हटलं, तिघं जाऊ, बसने. तर त्या म्हणाल्या, "नको. सगळ्यांबरोबर जावं. ओलं होताना माणसं लागतात भोवती."

पुढच्या वर्षी पाऊस इतका झाला की उदयनगरच्या रस्त्यावरची पुलिया वाहून गेली. सहल रद्द. मी त्या दिवशी त्यांच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्यांनी कानावरचा हेडफोन एका बाजूने सरकवला आणि म्हणाल्या, "पाणी कुठे पळून जातंय? अजून एक वर्ष."

ते एक वर्ष काही पुरं झालं नाही. आषाढात त्यांच्या पोटात दुखायला लागलं. आधी घरचे काढे, मग देवासचे डॉक्टर, मग इंदूर. ऑपरेशन करावं लागेल म्हणाले. नात्याचं म्हणून एक भाचा होता, तो ग्वाल्हेरला. त्याला यायला संध्याकाळ होणार होती आणि ऑपरेशन सकाळी अकराला. म्हणून मी आणि बायको आदल्या दिवसापासून त्यांच्याजवळ होतो.

साडेदहाला नर्स आली. भली मुलगी होती. म्हणाली, "माताजी, चूड़ी, चेन, चश्मा, घड़ी, सब उतार दो. अंदर कुछ नहीं जाएगा."

जीजींनी एकेक काढलं. दोन सोन्याच्या बांगड्या, बारीक साखळी, काळ्या पट्ट्याचं छोटं घड्याळ, शेवटी चष्मा. सगळं ओंजळीत घेऊन त्या इकडेतिकडे बघायला लागल्या. चष्म्याशिवाय त्यांना फारसं दिसत नसणार. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वस्तू धरल्या त्यांनी, पण आपल्या कुणाकडे द्यायच्या याची सवयच नव्हती.

मी हात पुढे केला. "द्या इकडे जीजी," मी म्हटलं. "धरतो मी."

त्यांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. त्यांना कळलं. चेहऱ्यावर असं काही हसू आलं की माझ्या बायकोने तोंड फिरवलं.

"आज तुम्ही वर बसणार तर," त्या म्हणाल्या.

"हो. आज तुम्ही जायचं खाली."

एकेक वस्तू त्यांनी माझ्या तळव्यावर ठेवली. वॉर्डबॉयने स्ट्रेचरची गाडी वळवली. दारापाशी त्यांनी हात करून त्याला थांबवलं आणि मला विचारलं, "मारतं म्हणाला होतात ना?"

"खांद्यावर," मी म्हटलं. माझा आवाज तुटला असणार, आणि तो त्यांना ऐकू गेल्याशिवाय राहिला नसणार. "पण बरं वाटतं."

त्यांनी मान हलवली आणि गाडी आत गेली.

मी बाहेरच्या बाकावर बसलो. बायकोकडून रुमाल मागून घेतला, बांगड्या आणि साखळी एका कोपऱ्यात बांधली, चष्मा दुसऱ्यात. त्यांच्यासारखी गाठ मला काही येईना, दोनदा सुटली. घड्याळ बघितलं तर बंद पडलेलं. आजारपणात चावी द्यायची राहिली असेल. मी भिंतीवरच्या घड्याळाशी ते लावलं आणि अगदी घट्ट होईपर्यंत चावी दिली.

तीनच्या सुमाराला डॉक्टर बाहेर आले. त्यांनी काही सांगायच्या आत बायकोने माझा दंड धरला.

संध्याकाळी भाचा आला तेव्हा जीजी राहिल्या नव्हत्या. मी दोन्ही गाठी त्याच्या हातात दिल्या आणि घड्याळही दिलं. त्याने ते उगीच कानाला लावलं. "चालू आहे," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं. "चावी दिलीय."