पऱ्हे निबर झाले त्या वर्षी

पन्नाशी ओलांडली की वर्षं पळतात, असं आमच्या भंडाऱ्याच्या ऑफिसात चहाच्या वेळी कुणीतरी म्हणतं आणि सगळे माना हलवतात. माणूस जितका जगलेला, तितकं पुढचं वर्ष त्याला लहान वाटतं, असंही कुणी मोबाईलवरचं वाचून दाखवतं. बरोबर असेल. मी मात्र मान हलवणं सोडलंय. हे कारण मी एकदा स्वतःसाठी वापरलं होतं आणि ते कुणाच्या डोक्यावर पडलं, हे मला ठाऊक आहे.

अकरा वर्षांपूर्वी, ऐन हंगामाच्या तोंडावर, दादाचा पाय मोडला. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. कोंढ्याजवळच्या आमच्या गावी धान तोच पिकवतो. वहिनी त्याच्यासोबत नागपूरला दवाखान्यात राहिली आणि शेती माझ्याकडे आली. वहिनीनं जपून ठेवलेलं घरचं बी मी वेळेवर टाकलं. दाट, हिरवंगार उगवलं. हे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, तीन-साडेतीन आठवड्यांत उपटून चिखलात रोवायचे असतात. त्यापुढे ते निबर होतात, मग कितीही पाणी द्या, फुटवे धरत नाहीत. लहानपणी हे दिवस सरता सरत नसत. रोज जाऊन मी पऱ्ह्यांची उंची वितीनं मोजायचो.

त्या वर्षी मी भंडाऱ्यात बसून "परवाच तर टाकले" म्हणत राहिलो. बायकोनं दोनदा टोकलं, "पऱ्हे म्हातारे करून राहिले का जी?" येत्या रविवारी जातो, म्हणालो. असे तीन रविवार गेले. काम नव्हतं, आजारपण नव्हतं. टीव्हीसमोर लोळत होतो, एवढंच.

गेलो तेव्हा सव्वा महिना उलटला होता. आमची बांधी, म्हणजे धानाचं शेत, तलावापलीकडे, झुडपांच्या आड. कुणाच्या लक्षात आलं नाही. बाहेरगावच्या बाया लावून रोवणी उरकली. पीक विरळ आलं. दादानं विचारलं तेव्हा मी म्हणालो, "पहिलं बी उगवलंच नाही दादा. दुसऱ्यांदा टाकावं लागलं, म्हणून उशीर झाला."

झालं. बी ठेवणारी वहिनी दोषी ठरली.

तेव्हापासून बी दादा स्वतः निवडतो, स्वतः ठेवतो. आणि दर रोवणीला बायांसमोर हसत म्हणतो, "इच्या हातचं बी उगवत नाई बा!" बाया हसतात. वहिनी वाकून रोवत राहते. कितीदा तरी मीही तिथंच धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभा होतो.

आता कुणी मला वयाचं गणित सांगू नये. ती वर्षं आपोआप पळाली नाहीत. रोवणी आली की मी नजर दुसरीकडे वळवायचो. न पाहिलेलं वर्ष लवकर संपतं.

यंदा रोवणीला गेलो. दुपारी दादा-वहिनी जेवायला घरी आले, तेव्हा सगळं सांगून टाकलं. बी चांगलं होतं, पऱ्हे मी निबर केले, खोटं मी बोललो. आणि शेवटी सवयीनं तोंडातून गेलंच, "अकरा वर्षं कशी गेली, कळलंच नाही."

वहिनीनं हातातला घास ताटात ठेवला. "तुमाले नाई कळलं, भाऊजी. मले इचारा. एकेक रोवणी मोजून सांगीन."

दादा खाली बघत म्हणाला, "जाऊ दे ना आता. जुनी गोष्ट हाय."

"जुनी? काल सकाळीच तं बोलले तुमी!" मग माझ्याकडे वळली. "अन् तुमी येथी चुलीपाशी काहून सांगता जी? हासणाऱ्या बाया बांधीत आहेत. चला तेथी."

"अवं, तो ऑफिसातला माणूस," दादा म्हणाला. "बायांपुढं इज्जत काय राहीन त्याची?"

"राहू दे दादा," मी म्हणालो. "वहिनीची राहिली होती का?"

पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मी चिखलात उतरलो. वहिनी धुऱ्यावर उभी राहिली. वाकलेल्या ओळीसमोर मी बोललो, पण चिखलाकडे बघत, हळू आवाजात. एक म्हातारी कंबर धरून सरळ झाली.

"मोठ्यानं बोला जी! पल्याडच्या बायाईले आयकू नाई आलं."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. या वेळी मोठ्यानं.