महादेवासमोर बसतो त्याचे नाव

वेदना हा शब्द ज्या धातूपासून आला, त्याचा मूळ अर्थ जाणणे असा आहे. दुखणे हाही जाणण्याचाच एक प्रकार, असे आपल्या भाषेने फार पूर्वी ठरवून टाकले आहे. असे असूनही दुसऱ्याला होणाऱ्या वेदनेविषयी त्याच्याशी खरे बोलण्याचे धैर्य माणसांत विरळाच आढळते. लहान मुलाचा कान टोचताना आई म्हणते, काही दुखत नाही. इंजेक्शनाची सुई हाती घेतलेला वैद्यही तेच म्हणतो. या असत्याला आपण दया समजतो, आणि पुष्कळदा ती दया असतेही. पण दयेखातरदेखील खोटे न बोलणारी एक स्त्री कोल्हापुरात पापाच्या तिकटीजवळ, चपलांच्या दुकानांच्या ओळीत, पस्तीस वर्षे पोत्यावर बसून बायकांचे हात गोंदत होती. तिचे नाव तानाबाई.

तानाबाई मूळच्या कोडोलीच्या. गोंदण्याचा व्यवसाय त्यांच्या सासरी तीन पिढ्यांचा. शिक्षण दुसरीपर्यंत, पण अक्षर असे की दुकानाच्या पाट्या रंगवणाऱ्यांनी थांबून पाहावे. साधने मोजकीच: दोऱ्याने एकत्र बांधलेल्या सुया, काजळीची डबी, पाल्याचा रस, पाण्याचा तांब्या आणि हळद. गोंदताना बाईचे मन दुसरीकडे जावे म्हणून गाणी म्हणण्याची चाल या व्यवसायात जुनी आहे. तानाबाई गाणे म्हणत नसत. कोणी विचारलेच तर म्हणत, "गानं म्हटलं की बाय फसती. तिला काय हुतंय ते तिला कळू दे की."

त्याऐवजी त्या सुई टेकवण्यापूर्वी समोरच्या बाईला पुढे घडणारे सारे सांगत. हे सांगणे इतके ठरलेले होते की शेजारी चपला शिवणाऱ्या सयाजींना ते पाठ झाले होते, आणि मी ते प्रथम ऐकले ते त्यांच्याच तोंडून.

"आदी हरभऱ्याच्या पाल्यावरच्या आंबंत हात गेल्यागत चुरचुरंल. मग हाडावर आलं की उसाच्या पाल्यानं कापल्यागत जाळ हुईल. त्या वक्ताला हात वढायचा न्हाय. मधीच एकदा वाटंल की ह्यो हात माझा न्हाईच. तवा बरं वाटंल, पर ते टिकत न्हाय. घरला गेल्यावर ठनकंल, हात गरम हुईल. चौथ्या दिशी खपली धरंल आनि खाज सुटंल. खाज दुखन्यापरीस वाईट. खाजवलंस तर अक्षर गेलं. धाव्या दिशी कांद्याच्या पापुद्र्यागत कातडं निघंल, खाली हिरवं दिसंल. मग इसरून जाशील. आनि एक दिस भाकरी थापताना हाताकडं ध्यान जाईल आनि वाटंल, आता हे माझ्यासंगंच जायाचं. तवा जरा भ्या वाटंल. बसतीस की उठतीस?"

काही जणी उठत. सयाजी हसत आणि म्हणत, "आत्ती, गिऱ्हाईक हाकलायची हीच तऱ्हा हाय का दुसरी बी हाय?" तानाबाई सुया पुसत बसत.

त्यांची दुसरी रीत सासूकडून आलेली होती. नवऱ्याचे नाव गोंदवायला आलेली बाई ते नाव उच्चारीत नाही, हे उघडच आहे. ती खूण सांगे, कोडे घाली, आणि तानाबाई ते मनातल्या मनात सोडवीत. ओळखलेले नाव त्या स्वतःही मोठ्याने म्हणत नसत. नाव आधी सुईने घ्यायचे, मग तोंडाने, असा त्या घराण्याचा नियम होता. या नियमाने त्यांना एकदाच दगा दिला.

१९९६ सालच्या माघातली ही गोष्ट. गडहिंग्लजच्या खालच्या अंगाच्या, कानडी मुलखाला लागून असलेल्या एका गावाहून अक्काताई नावाची चाळिशीची बाई नवऱ्याबरोबर आली होती. नवरा पोटाच्या मोठ्या दुखण्यातून तेरा दिवसांनी दवाखान्यातून सुटला होता. त्याच्या उशाशी बसून अक्काताईंनी नवस बोलला होता, की हा माणूस उठून चालू लागला तर याचे नाव मी मनगटावर धरीन. आता तो चालत होता, आणि आजारात झिजलेल्या पायांसाठी सयाजींच्या दुकानात चपलांचे माप देत होता.

तानाबाईंनी आपले ठरलेले सांगणे सांगितले. अक्काताई उठल्या नाहीत.

"नाव?" तानाबाईंनी विचारले.

"महादेवाच्या म्होरं बसतो बघ, त्येचं नाव. आनि त्येच्या मागं राज." अक्काताई पदर तोंडाला लावून म्हणाल्या. "वळखलंस न्हवं?"

"वळखलं."

आणि तानाबाईंनी ओळखले ते असे: महादेवासमोर बसतो तो नंदी, म्हणजे नाव नंदराज. त्यांनी सुई टेकवली. सयाजी सांगतात, अक्काताईंनी हात तसूभर हलवला नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि तोंडाने त्या फक्त कानडीत आईला हाक मारावी तसे "यव्वा, यव्वा" म्हणत होत्या. हाडावर सुई आली तेव्हा म्हणाल्या, "मावशी, पाल्यानं कापल्यागतच हाय की गं. खरं बोललीस." अर्ध्या तासात चार अक्षरे उमटली. रक्त आणि काजळी एक झालेल्या त्या सुजट मनगटावर हळद चोपडली गेली आणि अक्काताई तोंड धुवायला पलीकडच्या नळावर गेल्या.

तेवढ्यात सयाजींनी मापाच्या कागदावर लिहिण्यासाठी त्यांच्या नवऱ्याला विचारले, "पावणं, नाव काय लिवू?"

"बसवराज."

तानाबाईंच्या हातातले फडके तसेच राहिले.

सीमेकडच्या त्या मुलखात महादेवासमोरच्या बैलाला बसव म्हणतात, बसवण्णा म्हणतात. अक्काताईंनी कोडे अगदी सरळ घातले होते. बसतो, या शब्दात नावाची पहिली दोन अक्षरेही त्यांनी देऊन ठेवली होती. चूक ऐकणाऱ्याची होती. तानाबाईंनी एकदा जरी ते नाव तोंडाने उच्चारून पाहिले असते, तरी ती टळली असती.

बसवराज चहाच्या गाड्याकडे वळताच सयाजी जवळ सरकले. त्यांनी ते मनगट पाहिले होते, आणि त्यांना वाचता येत होते.

"आत्ती, गप बस," ते हळूच म्हणाले. "ती शाळंत गेलेली न्हाय. त्यो कानडी शाळंतला, त्येला आपलं अक्षर लागत न्हाय. आताच इचारून बघितलं म्या, मापाचा कागद त्येला वाचता आला न्हाय. गावात तर समदी कानडीच वाचत्यात. कोन बघतंय?"

"तिची सून आली, नातू आला, मग?"

"तवर तू असतीस व्हय? अगं, भर रस्त्यात बोंब हुईल. उद्याच्याला तुझ्याम्होरं कोन हात धरंल?"

हे बोलणे खोटे नव्हते. गोंदणारणीचे सारे भांडवल तिच्या विश्वासात असते. तिने काढलेले पुसता येत नाही, म्हणून तर लोक तिला चुकू देत नाहीत. दुसरीकडे, लग्न झालेली बाई आपल्या मनगटावर परक्या पुरुषाचे नाव घेऊन, नवस फेडल्याच्या समाधानात, एसटीत बसणार होती. नवसाच्या ठिकाणी तिच्या हातावर एक खोटे कायमचे बसणार होते, आणि ते तानाबाईंच्या हातचे असणार होते.

पती-पत्नी परत आली, तेव्हा तानाबाई उभ्या होत्या. गोंदणारीण पोत्यावरून उठून उभी राहिलेली त्या ओळीत कोणी पाहिली नव्हती.

"लेकी, म्या चुकले," त्या म्हणाल्या. "तुझं कोडं म्या नंदी म्हनून सोडिवलं. तुझ्या हातावर नंदराज लिवलंय."

अक्काताईंना क्षणभर कळले नाही. कळले तेव्हा त्यांचा आवाज तिकटीपर्यंत गेला.

"तेरा दिस ह्येंच्या उशाला बसून नवस बोलले, आनि तू माझ्या हातावर दुसरीचा दादला बशिवलास? आता ह्यो नंदराज कोन म्हनून सांगू गं सासूला?"

चहाचे पेले हातात धरून लोक थांबले. सयाजी खाली मान घालून चामडे कापू लागले. बसवराज तेवढे शांत होते. त्यांनी बायकोचे मनगट हातात घेऊन त्या न वाचता येणाऱ्या अक्षरांकडे पाहिले.

"ह्यातलं राज कंचं?"

तानाबाईंनी दाखवले.

"म्हंजे निम्मा मी हायच की," ते म्हणाले. "आनि नंदी म्हंजे तरी कोन? आमचा बसवण्णाच."

"तुमास्नी कळलं, गावाला कसं कळंल?" अक्काताई कडाडल्या.

तेव्हा तानाबाई म्हणाल्या, "नंद ह्या अक्षरांवर म्या बैल बशिवते. बैल आनि त्येच्या मागं राज. तुमच्याकडं बैलाला काय म्हंत्यात?"

"बसव," बसवराज म्हणाले. स्वतःच्या नावाची फोड करायला त्यांना कसली आडकाठी असणार?

"पर आज न्हाय," तानाबाई पुढे म्हणाल्या. "ओल्या जखमंवर सुई घातली तर हात पिकंल. पंधरा दिस जाऊ द्यात. आनि आत्ताच सांगते, दुसऱ्या टायमाला पयल्यापरीस जास्त दुखंल. कवळं कातडं असतंय ते."

 मनगटाला पदर गुंडाळून अक्काताई चालू लागल्या.

त्या पंधरा दिवसांत तानाबाईंनी कोणाचेही नाव गोंदले नाही. ठिपके, तुळस, चंद्रकोर एवढेच काढले. घडलेले त्या ओळीत सर्वांना ठाऊक झाले होते, कोणी टोमणा मारला तर त्या म्हणत, "व्हय, चुकले की." 

सोळाव्या दिवशी बसवराज चपला न्यायला आले. एकटेच.

"हात पिकला?" तानाबाईंनी पहिला प्रश्न केला.

"न्हाय. तू सांगितलंस तसंच झालं समदं. चौथ्या दिशी खाज, धाव्या दिशी पापुद्रा. राच्चीला हातावर फडकं बांधून निजायची, झोपंत खाजवीन म्हनून."

"मग?"

बसवराजांनी मानेने दाखवले. कोपऱ्यावरच्या दुकानाआड अक्काताई उभ्या होत्या. बऱ्याच वेळाने त्या आल्या, पोत्यावर बसल्या आणि त्यांनी हात पुढे केला. त्यावर नंदराज ही चार अक्षरे हिरवी, स्वच्छ, अतिशय सुंदर उमटलेली होती.

"घरात म्हंत्यात, चुकलेलीकडं पुन्यांदा हात देतीस व्हय," अक्काताई म्हणाल्या. "म्या म्हटलं, दुखन्याचं तिनं सांगितलं त्यातलं एक बी खोटं न्हवतं. आनि चुकल्याचं बी तिनंच सांगितलं, मला तर वाचाया बी येत न्हवतं. आता सांग, किती दुखंल?"

"सोसंल का न्हाय, ते मला सांगता येत न्हाय," तानाबाई म्हणाल्या. "पर हितनं हितवर लई जाळ हुईल. शेपटीकडं कमी."

मग त्यांनी बैल काढला. न आणि द यांच्या माथ्यावरची रेघ बैलाची पाठ झाली. न चा दांडा पुढचा पाय झाला, द ची खालची ओढ शेपटीत मिळाली, आणि अनुस्वाराचे टिंब होते तिथे डोळा आला. पुसता न येणारे अक्षर त्यांनी पुसले नाही. त्याला त्याच्या अर्थापर्यंत नेले. अक्काताई या वेळी ओरडल्या, दोनदा ओरडल्या, पण हात ओढला नाही. उठताना म्हणाल्या, "खरंच की गं, पयल्यापरीस जास्त." आणि पहिल्यांदाच हसल्या.

त्या दिवसानंतर तानाबाईंनी सासूचा नियम मोडला. खूण ऐकून ओळखलेले नाव त्या आधी स्वतः मोठ्याने उच्चारीत. बाईने मान हलवली की मगच सुई टेकवीत. घराण्याची रीत मोडल्याचे त्यांना वाईट वाटत होते का, असे मी एकदा विचारले. त्या म्हणाल्या, "रीत माझी, हात दुसरीचा." 

पुढे राजारामपुरीत काचेच्या दारांची, यंत्राने गोंदणारी दुकाने निघाली. तिथे आधी मलम लावून कातडी बधिर करतात, असे तानाबाईंच्या कानावर आले. त्यांनी त्याला नावे ठेवली नाहीत, फक्त विचारले, "मलम उतरल्यावर काय हुतंय, ते सांगत्यात का?" २००३ च्या सुमारास त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. तेव्हा नाव गोंदवायला येणाऱ्यांना त्या स्वतःच सांगू लागल्या, "ठिपका हुईल माझ्या हातनं, अक्षर न्हाय हुनार." दोन वर्षांनी त्यांनी तेही थांबवले. अक्काताई मात्र कोल्हापूरला आल्या की त्या पोत्याशी येऊन मनगट पुढे करीत, आणि तानाबाई बोटाने चाचपून म्हणत, "बसलाय न्हवं अजून?"

२००८ च्या मार्गशीर्षात तानाबाई गेल्या. त्यांना मूलबाळ नव्हते. त्यांच्या सुया आणि काजळीची डबी सयाजींच्या दुकानात फळीवर ठेवलेली आहे. अक्काताईंच्या मनगटावर बैल आहे, आणि बैलामागे राज ही दोन अक्षरे आहेत.