मिसळ कुणाची

आम्ही दोघांनी शेवटचं एकत्र काय केलं, तर नाशकात हॉटेलात मिसळ खाल्ली. पाटीवर लिहिलं होतं, 'अस्सल नाशिकची'. ही माहेरची कोल्हापूरची. म्हणाली, "अहो, मिसळ आमची." मी फटकन बोललो, "चाळीस वर्षं नाशिकचं खातेस आणि गुण कोल्हापूरचे गातेस!" तिनं हातातला पाव खाली ठेवला. त्याच संध्याकाळी तिच्या छातीत कळ आली आणि ती गेली.

मिसळ कुणाची, मला काय ठाऊक? चारच बुकं शिकलेला माणूस मी. एवढं कळतं, की चव पोरींच्या हातानं माहेराहून निघते आणि नाव सासरच्या गावाचं लागतं. तिच्या हातच्या रश्शालाही लोक माझ्याच घरचा रस्सा म्हणायचे.

दहाव्याला गोदाकाठी पिंडाला कावळा शिवेना. तिचा भाऊ म्हणाला, "दाजी, तिच्या मनात काय राहिलंय, बोला की." मला ठाऊक होतं. पण चारचौघांत लाज वाटली. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. घरी आलो तरी जीव थाऱ्यावर येईना. माझ्यापायी अडकली असेल का ती?

दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच घाटावर गेलो आणि मोठ्यानं म्हणालो, "मिसळ तुमच्या कोल्हापूरचीच गं." कावळे पुष्कळ होते. त्यांच्यापुढे ठेवायला काही न्यायचं मला सुचलंच नव्हतं.