फळ्यांखालचं मामंजी

अख्ख्या किष्णाकाठाला ओलीशी येवडं वैर धरल्याला मानूस आमच्या मामंजींशिवाय दुसरा न्हाई, हे मी कुनासमोरबी सांगीन. कुनाचं भावकीशी वाकडं असतं, कुनाचं बांधावरनं असतं, माज्या सासऱ्याचं ओलीशी. कुनाच्याबी घरात पाय ठेवला की आधी वाकायचं आन हाताची उलटी बाजू जिमिनीला लावायची. घरवाल्याला वाटायचं ह्यो वडीलधारा मानूस आपल्या पाया पडतुया, त्यो बिचारा “आवं, असू द्या, असू द्या” म्हनत मागं सरायचा. तंवर मामंजींनी निकाल दिल्याला असायचा. ह्या कोपऱ्यात ओल हाय, त्या भितीला पोटरीयेवडी चढलीया. मग लगीन असो, बारसं असो न्हाईतर म्हयत असो. येकदा तर म्हयताला गेलं, बायका गळा काढून रडत्यात, आन ह्यांनी मेलेल्याच्या थोरल्या ल्योकाला बाजूला घिऊन सांगितलं, बाबा रं, तुजा बा ओलीनं गेला, आता निदान जोतं तरी उचलून घे.

मला बघायला आलं तवाबी त्येच. माजं म्हायेर वडूजच्या पल्याड, माळावर. आमच्याकडं घरात पानी शिपडावं तवा कुटं धुरळा खाली बसतो. पावन्यांनी माजं नाक बगितलं, रंग बगितला, चालाय लावलं, सुपारी कातराय लावली. मामंजींनी माज्याकडं मान वर करून बगितलंबी न्हाई. खालचं घोंगडं बाजूला सारलं, हात लावला, सरकून दुसरीकडं लावला, पार चुलीपातुर सरकत गेलं, मग उठून म्हनलं, “पोरगी पसंत हाय. जिमीन खडखडीत.” माजी चुलती पुढं म्हयनाभर हसत व्हती, की हिला न्हाई, घराला मागनी आली.

ह्ये याड त्येंनी आनलं बसऱ्यासनं. पयल्या लढाईत गेल्यालं. तितं म्हनं सायबानं बराकीची जिमीन फळ्यांची केल्याली, खाली पोकळी, चारी अंगाला झरोकं. वारा ह्या भोकातनं शिरतो, त्या भोकातनं निघतो, आन शिपाई वर खडखडीत झोपतो. परत आलं ते त्येच डोक्यात घिऊन. मागली खोली, जितं आमच्या घरात बाळंतपनं व्हत्यात, ती उकरली, दगडाचं खांब उभं केलं, त्येच्यावर फळ्या टाकल्या, फळ्यांवर माती, मातीवर सारवन. लोक माडी वर बांधत्यात, आमच्या मामंजींनी खाली बांधली. आन त्या पोकळीत जायाला मागनं खुराड्यायेवडं दार, त्येच्यातनं पोटावर सरपटत जायाचं.

सकाळी लोक शेतात जात्यात, मामंजी कंदील घिऊन घराखाली जायाचं. खाली कोपऱ्याकोपऱ्याला नारळाच्या करवंट्या, आन करवंटीत मिठाचा खडा. खडा कोरडा ऱ्हायला तर मामंजींचा दीस चांगला, खड्याला पाझर फुटला तर त्या दिवशी घरात कुनी बोलायचं न्हाई. येकदा शेजारची काकू वर खोलीत निवांत बसून आपल्या सुनेच्या कागाळ्या सांगत व्हती, आन मधीच जिमिनीतनं आवाज आला, “वैनी, जरा तिकडं सरका. तुमच्या बुडाखाली ओल हाय.” काकू जी उटली ती जोडं इसरून गेली. मंग किती दीस आमच्या घरी आली की उंबऱ्यावरच बसायची, आन आदी इचारायची, हायेत का खाली?

मी मातर त्येंच्याशी कवा बोलले न्हाई. लगीन हून तीन वर्सं झाली तरी न्हाई. मामंजी खाकरलं की मी डोईवरचा पदर वडून दाराआड. त्येंनाबी काय पायजे आसलं तर आत्याबाईंना, मंजी माज्या सासूला सांगायचं, आत्याबाई न्हाईत तर भितीला सांगायचं, “पानी पायजे व्हतं,” आन भितीआडनं मी तांब्या सरकवायचा.

बाळ झालं शिमग्याच्या पुढं, त्याच खोलीत. खोली अशी कोरडी की सारे बगाय यायचे, मामंजी दारात मिशा पिळत बसायचं. माजं मालक तवा दुसऱ्या लढाईत, लामावर व्हतं, कुटं ते सरकार सांगत न्हवतं. मग आखाड लागला. नदी चढली, आभाळ खाली आलं, चार चार दीस सूर्व्या दिसंना, आन माज्या लेकराच्या छातीत शीळ वाजाय लागली. बारीक पिपानी वाजावी तशी. मी दिसातनं शंभरदा कान लावायचे. भाकरी थापता थापता उटायचे, कान लावायचे, परत यायचे, तंवर भाकरी जळाल्याली. वैद आलं, म्हनलं लेकराला ओल बादलीया, कोरड्यात ठेवा. आवं, ह्याच्यापरीस कोरडं कुटं न्यायचं? सैपाकघरात पाय रुतत व्हतं. आन मी येकली, नवरा तिकडं, काय झालं मंजी कुनाला सांगू, ह्येच डोक्यात.

मामंजींच्या करवंट्यांत तर मिठाचं पानीच झाल्यालं. त्येंनी काय केलं? पहार घेतली आन नवा झरोका पाडला. म्हनलं वारा कमी पडतुया. ओल आनकी वाढली. मग दुसरा पाडला. फळ्या काळ्या पडल्या, कुबट वास सुटला, लेकराची शीळ दारापातुर आयकू याया लागली. तिसरा पाडला. आत्याबाई म्हनाल्या, घर हाय का चाळन. पन पहार काय थांबंना.

आन मला ते सारं कळत व्हतं हो. आमच्या म्हायेराला जोंधळ्याचं पेव हाय, जिमिनीत. त्येचं तोंड वल्या दिसांत माजा बा कुनाला उगडू देत न्हाई. पावनं उपाशी बसलं तरी शेजाऱ्याकडनं पायली आनील पन पेव उगडायचा न्हाई. येकदा चुलत्यानं भर पावसात उगडलं, तर दमट वारा आत शिरला, थंडगार भितींना घाम फुटला, आन आठ दिसांत समदा जोंधळा घान मारू लागला. हितं त्येच चाललं व्हतं. आत्याबाईंना म्हनलं तुमी सांगा. त्या म्हनाल्या, त्येंना सांगन्यापरीस नदीला सांगते, ती तरी उतरंल.

त्या दिवशी दुपारी मी बाळाला मांडीवर घिऊन बसलेली, आन खालनं ठकठक सुरू झाली. मामंजी आत पडून खांबाजवळनं चौथं भोक पाडत व्हतं, बराबर पाळन्याखाली. हरेक ठोक्याला लेकरू दचकतंय, शीळ वाजतीया, आन माज्या तोंडातनं गेलंच.

“मामंजी, आता भोकं नगा पाडू.”

पहार थांबली. मी डोईवरचा पदर वडला.

“कोन बोललं?”

“मी हाय.”

“मी म्हंजी?”

“बाळाची आई.”

मला वाटलं आता भायेर येत्यात, आत्याबाईंना बलावत्यात, माजी पाठवनी म्हायेराला. तर फळीखालनं हळूच आलं, “मग बोल की. मी काय तुला दिसत न्हाई.”

आन मी बोलले. तीन वर्साचं येका दमात बोलले. पेवाचं सांगितलं, चुलत्याचं सांगितलं. खालनं त्येंनी सुरू केलं, “बसऱ्याला तर,” आन मी त्येंना मधीच तोडलं. “बसऱ्याचा वारा कोरडा, मामंजी. हितं वाराच पानी घिऊन येतुया. त्येला आत कशाला बलवायचं?”

खाली पहार बाजूला टाकल्याचा आवाज आला. मग इचारलं, “पेवाचं तोंड कशानं लिपता?”

“शेन, माती आन राख.”

मामंजी भायेर आलं, मिशांना जळमटं लागल्याली, माज्या दारावरनं मान खाली घालून गेलं आन आत्याबाईंना म्हनलं शेन कालव.

दुसऱ्या दिवशी परत खाली. ह्या येळंला त्येंनीच फळीवर टकटक केलं. “आयकतीस का? नुसतं तोंड लिपून भागायचं न्हाई. तुमचं पेव मुरमात, खाली पानी न्हाई. हितं खालनं किष्णा पाझरतीया, तिचं काय?” मग त्येंनी आपली ताडपत्री काडली, डांबर लावल्याली, पलटनीतनं आनल्याली. तिला कुनी हात लावल्याला चालत नसं, आत्याबाईंनी येकदा तिच्यावर शेवया वाळत घातल्या तर दोन दीस जेवलं न्हवतं. ती फाडून खांबाखांबाच्या मधनं जिमिनीवर आतरली, वर घमेल्यांत कळीचा चुना ठेवला, समदं झरोकं गच लिपलं. चुना आपल्या आपन ओल पिऊन फुलायचा, फुटायचा, मग नवा ठेवायचा.

श्रावन सरता सरता खडे कोरडे ऱ्हायाय लागले. आन येक दिवशी दुपारी मला शीळ आयकूच याईना. मी आनकीच भ्याले. नाकाम्होरं हात धरला, छाती चाचपली, तर लेकरू आपलं गुमान झोपल्यालं, श्वास असा हलका, पिसावानी.

“मामंजी,” मी फळीवर वाकून म्हनलं, “वाजंना.”

खालनं येवडंच आलं, “आयकतुया मी.” आन मग लय येळ खाकरत व्हतं.

ओल गेली तरी मामंजी रोज दुपारी मीठ बगाय म्हनून खाली जायाचं. मी वर गहू निवडत बसायचे. त्येंनी इचारलं, कशाला येवडी भितीस. म्हनलं, ह्ये लामावरनं परत येत्याल का. तर सांगाय लागलं, बोटीत चडलो तवा मी भ्याऊन वकलो, पोरी, सारी रात आईला हाका मारत व्हतो, आन आलो का न्हाई परत. म्हनलं आत्याबाईंना म्हाईत हाय? तर म्हनलं, “तिला कशाला? तिला वाटतं मी शूर हाय.”

दसरा झाला, कोरडा वारा सुटला, झरोकं उगडलं, थंडी आली. आता असं ठरलं, की पावसात बंद, हिवाळ्यात उगडं, आन मामंजी गावभर ह्येच सांगत फिरत्यात, वडूजची रीत न्यारी, किष्णाकाठची न्यारी. खाली मीठ कोरडं ठनठनीत. त्येंचं गुडघंबी धरल्यात, खाली जायाचं काय कारन ऱ्हायलं न्हाई. बाळ घरभर दुडदुड चालतंय, हे अजून लामावर असलं तरी घरात समदं चांगलं हाय. फकस्त आमचं बोलनं बंद झालं. मामंजी खाकरत्यात, मी पदर वडते, दाराआड हुते. दुपारी गहू निवडताना हात मधीच थांबतो.

काल ऊन असं पेटल्यालं की अंगनात पाय ठेवू दीना. मामंजींनी आत्याबाईंकडं पोतं मागितलं, आंगाखाली टाकाय. म्हनलं, जरा ओल बगून येतो.

“आवं, वैशाखात कसली ओल?” आत्याबाई म्हनाल्या.

“असती कुटंकुटं,” म्हनलं, आन गुडघं धरत मागल्या अंगाला गेलं.

मी बाळाला उचललं आन फळ्यांवर जाऊन बसले.