शेऱ्याचा रकाना

कारखान्यात त्याला सगळे तात्या म्हणत. पंचवीस वर्षं लेथवर लोखंडाचे दांडे कातून त्याच्या नजरेलाच माप कळायचं. शिकायची हौस दांडगी, पण आठवीनंतर शाळेनं मुलांची वाटणी केली, तेव्हा कामगाराचा पोरगा म्हणून तो कारागिरीच्या शाखेत गेला. घरात कुणी ब्र काढला नाही.

त्याची मुलगी आठवी पास झाली आणि तिच्याही हातात कारागिरीच्या शाखेचीच चिठ्ठी पडली. गणितात सत्त्याऐंशी गुण असून!

"अहो, शाळेशी कशाला वाकड्यात शिरता?" बायको म्हणाली.

"वाकड्यात नाही गं, सरळ विचारणार आहे."

अर्धी रजा टाकून, हाताचं तेल निघेल तेवढं काढून तो मुख्याध्यापिकांसमोर बसला.

"बाई, पोरगी कशात कमी पडली?"

बाईंनी कागद काढला. गुण वरच्या शाखेला पुरून उरतील असे होते. शेऱ्याच्या रकान्यात मात्र लिहिलं होतं : घरी अभ्यासाचं वातावरण नाही.

"आमच्या घरी कोण येऊन गेलं?"

बाई जरा चाचरल्या. "पालकांचं काम बघून लिहितात. पद्धतच आहे तशी."

"आमच्याकडे न मोजता माप लिहिलं, तर दुसऱ्या दिवशी घरी बसवतात, बाई."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन उचललं, शेरा खोडला आणि शेजारी सही केली.

वरच्या शाखेतलं पहिलं वर्ष मुलीला जड गेलं. शिकवणीची मुलं भराभर पुढं जात, ही भूमितीत सपाटून आपटली. मग रोज जेवण झालं की बापलेक वही उघडून बसत. त्याला आकृती दिसे, तिला प्रमेय कळे. दोघांनी मिळून गाडं चढावर नेलं. आज ती पुलांचे आराखडे करते. तिच्या सहीशिवाय काम पुढं सरकत नाही, हे सांगताना तात्याची छाती फुगते आणि तो ते लपवतही नाही.

शेरा खोडल्याच्या बातमीला तेव्हाच पाय फुटले होते. चिठ्ठ्या वाटल्या की शिवणकामवाली, ड्रायव्हर, धोबी, सगळे त्याच्या दारात. पहिल्या साली तिघं शाळेत गेले, पुढच्या साली अकरा. तात्या बोलायचा कमी. "आधी गुण वाचा, मग शेरा," एवढंच शिकवायचा. चौथ्या साली शाळेनं तो रकानाच छापायचा सोडला.

निवृत्तीच्या दिवशी बायकोनं विचारलं, "आता दिवसभर करणार काय?"

"नदीपलीकडच्या शाळेतले पालक येणार आहेत," तो म्हणाला. "चहा जरा जास्त टाक."