भिंतीवरची गिलकी

आमच्या घरात गिलकी बाजारातून येत नाही. कधीच आली नाही. पुण्याकडचे नातेवाईक तिला घोसाळं म्हणतात. म्हणोत बापडे. माझा जन्म इंदूरमध्ये गिलकी म्हणण्यातच गेला आणि आता या वयात काही मी सुधारणार नाही. लालबागच्या मागच्या बाजूला एका कॉलनीत आमचं घर आहे. फाटक आणि व्हरांड्याच्या मधे पलंगाएवढी माती उरली आहे, तिच्यात मी पालक, मेथी, कोथिंबीर, मिरची, वांगी असं सगळं लावते, आणि सगळं बियांपासून. पुदिना तेवढा सोडा, तो काडीनेच लागतो. नर्सरीतून तयार रोपं आणून मिरवणाऱ्यांबद्दल माझं मत न विचारलेलं बरं.

कॉलनीत बाकी सगळ्यांनी घरापुढे फरश्या ठोकून घेतल्या आणि वर गाड्या उभ्या केल्या. आमच्याकडेही नवऱ्याने एकदा हळूच विषय काढून पाहिला होता. मी विचारलं, "जेवायला काय, गाडी वाढू?" तेव्हापासून आमची गाडी रस्त्यावर उभी असते आणि माणूस गुण्यागोविंदाने मेथीची भाजी खातो.

आता गिलकीचं सांगते. हे बी माझ्या वडिलांचं. वडील कपड्याच्या मिलमध्ये कामाला होते आणि आम्ही पोलोग्राउंडच्या पलीकडे मिलच्या क्वार्टरमध्ये राहायचो. दोन खोल्या, मागे मोरी, आणि मोरीच्या पाण्यावर वडिलांचा मळा. मळा म्हणजे काय, चार वाफे. पण त्यांची गिलकी सगळ्या लाइनीत प्रसिद्ध होती. बुटकी, जाड, आणि आत बी पांढरं. बाजारच्या गिलकीचं बी पिकलं की काळं होतं, आमच्या गिलकीचं पांढरंच राहतं. ते कुठून आणलं होतं, कोणी दिलं होतं, मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

वेलावरची सगळ्यांत चांगली गिलकी वडील खायला तोडू द्यायचे नाहीत. तिच्या देठाला लाल चिंधी बांधायचे. चिंधी बांधली की ती गिलकी बियाण्याची, तिला हात लावायचा नाही, पाहुणे आले तरी नाही. ती वेलावरच वाळायची, तपकिरी व्हायची, हलवली की खुळखुळ वाजायची. मग तिचं टोक मोडून बी झटकायचं, शेणात चुलीची राख कालवून त्यात ते बी दाबायचं आणि त्याचे चपटे गोळे उन्हाच्या भिंतीवर थापायचे. राखेमुळे कीड लागत नाही. पेरायच्या वेळी भिंतीवरून गोळा काढायचा, मोडायचा आणि शेणासकट मातीत घालायचा. बाटलीत ठेवलेल्या बियांचं पीठ होतं हे वडिलांचं ठाम मत होतं आणि मीही ते पुढे चालवलं.

मिल बंद पडली. क्वार्टर रिकामं करा म्हणून मिलचे लोक सांगून गेले. दारात हातगाडी उभी, आई भांडी बांधतेय, आणि वडील मागच्या भिंतीपाशी उकिडवे बसून उलथन्याने गोळे खरवडून जेवणाच्या डब्यात भरताहेत! आई कडाडली, "अहो, सगळं सामान पडलंय आणि तुम्ही शेण काय खरवडत बसलात?" वडील वळलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "जागा त्यांची होती. बी आपलं आहे." मग तो डबा मांडीवर घेऊन ते नव्या भाड्याच्या खोलीत आले. त्या क्वार्टरमधलं आज काही शिल्लक नाही. ना भिंत, ना मिल, ना आई, ना वडील. फक्त बी आहे, आणि ते मी दरवर्षी पेरते.

माझ्या कंपाउंडच्या भिंतीला ऊन बाहेरच्या अंगाने येतं. म्हणून गोळे रस्त्याकडच्या बाजूला. भिंत माझी, शेण माझं, मग कोणाला काय त्रास?

त्रास होता कॉलनीच्या सेक्रेटरींना. हे गृहस्थही मराठीच. पणजोबा दरबारात मोठ्या हुद्द्यावर होते, ही माहिती ओळख झाल्यापासून पहिल्या चहाच्या आत मिळते. स्वच्छतेच्या सर्वेची टीम येणार म्हटलं की यांच्या अंगात येतं. आपलं शहर स्वच्छ आहे याचा मलाही अभिमान आहे, उगाच गैरसमज नको. मी ओला-सुका वेगळा करते, आणि कॉलनीत बाकीचे करतात त्यापेक्षा नीट करते. पण सेक्रेटरींना स्वच्छ म्हणजे काहीच नसलेलं आवडतं.

गेल्या वर्षी पावसाने घात केला. चिंधीच्या गिलक्या एकेक करून वेलावरच सडल्या. एकच वाळली. तिचं होतं नव्हतं ते सगळं बी मी भिंतीवर लावलं. नंतर माघात देवासला नणंदेच्या मुलीचं लग्न निघालं आणि आम्ही दोघं तिकडे गेलो.

परत आलो तर मला आमचं घरच ओळखू येईना. भिंत आकाशी निळी! तिच्यावर एक हिरवं झाड, हसणारा सूर्य आणि दोन डबे घेऊन उभी असलेली गुलाबी गालांची मुलगी. गोळ्यांचा मागमूस नाही. बॅग रस्त्यातच टाकून मी भिंतीवरून हात फिरवत राहिले, ओला रंग हाताला लागला. हे म्हणत होते, "अगं, आत तर चल." आत कुठली चलते! तशीच सेक्रेटरींच्या दारात गेले.

"या वहिनी," ते म्हणाले. "कशी वाटली वॉल? एकदम झकास ना?"

"माझे गोळे कुठे आहेत?"

"ते गोबर? ते तर साफ करवून घेतलं. ओल्या कचऱ्याच्या गाडीत दिलं, एकदम नियमाने." आणि वर हसून म्हणाले, "वहिनी, नाराज नका होऊ, पण हे गोबर-बिबर तिकडे मिल क्वार्टरमध्ये ठीक होतं. इथे शोभत नाही. गंदगी लगती है ना."

माझी मस्तकाची शीर तडकली. मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही, सेक्रेटरींच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि पुन्हा आत गेल्या एवढं सांगते. पण भांडून बी परत येत नाही. घरी येऊन मी व्हरांड्यात बसले आणि रडले. भोकाड पसरून रडले. वडील गेले तेव्हा घरात माणसं होती, चहापाणी होतं, तेव्हा राहून गेलेलं रडणंही त्यातच आलं असावं. नवरा बिचारा पाण्याचा पेला घेऊन शेजारी उभा राहिला.

मग फोन सुरू केले. इतकी वर्षं मी हे बी ज्याला त्याला वाटत आले होते, कोणाकडे तरी असेलच की! नणंद म्हणाली, "हो ना, काय गोड लागली होती! सगळी खाऊन टाकली." भाचीने कुंडीत लावली होती, तिनेही खाऊन टाकली. एकीने तर सांगितलं, "ती लाल चिंधीवाली पण काढून भरीत केलं गं." धन्य आहे! कौतुक सगळ्यांनी केलं, राखलं एकीनेही नाही. मल्हारगंजात बियाण्याच्या दुकानात गेले. दुकानदाराने चकचकीत पाकीट पुढे केलं. "हायब्रिड है आंटीजी, हाथ-हाथ भर की आएगी." मी विचारलं, "इसका बीज रखूँ तो अगले साल ऐसी ही आएगी?" तो म्हणाला, "रखना क्यों? नया ले जाना." मी पाकीट परत केलं. हे म्हणाले, एखादं वर्ष लाव ना, गिलकी ती गिलकी. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते चप्पल घालून दूध आणायला गेले. दूध सकाळीच आणलेलं होतं.

त्या उन्हाळ्यात मी वेलाच्या जागी काहीच लावलं नाही. मेथी घातली, वांगी लावली, पण मांडवाखालचा तेवढा तुकडा मोकळा ठेवला. लोक विचारायचे, इथे काय? मी सांगायचे, इथे गिलकी असते.

आषाढातली गोष्ट. कॉलनीच्या गेटपाशी कमिटीची शोभेची बाग आहे. कातरलेली मेंदी, पिवळी-लाल फुलं, मधे कॉलनीच्या नावाचा संगमरवरी दगड. सकाळी भाजीवाल्याची गाडी आली म्हणून मी गेटपर्यंत गेले, आणि मेंदीतून डोकं काढून एक वेल दगडावर चढताना दिसला. पाच टोकांचं खरखरीत पान. मी चुरगाळून वास घेतला. गिलकी!

तुम्ही म्हणाल, एखादी गिलकी कचऱ्यातून उगवली असेल. नाही. भाजीची गिलकी कोवळी चिरतात, तिच्या सालीतलं बी कधी उगवत नाही. उगवलं म्हणजे ते पिकलेलं, वाळवलेलं बी होतं, आणि या कॉलनीत गिलकी वाळवणारं माझ्याशिवाय कोण आहे? मी माळ्याला गाठलं. तो आधी चाचरला, मग म्हणाला, कचऱ्याच्या गाडीवाल्याने शेण घेतलं नव्हतं, म्हणून माळ्यानेच ते कमिटीच्या खताच्या खड्ड्यात लोटलं होतं. त्याच खड्ड्यातलं खत जेठात फुलांना घातलं. तो खड्डा म्हणजे फोटोपुरता. वरखाली कोणी करत नाही, पाणी कोणी शिंपडत नाही. खत नीट कुजलं असतं तर बी मेलं असतं. कमिटीच्या आळसाला मी तिथेच उभ्या उभ्या हात जोडले.

बाकी गोळ्यांचं काय झालं देव जाणे. वेल एकच होता.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी माळ्याला घेऊन गेटवर हजर. "हे काय जंगली उगवलंय दगडावर? उपटून टाक." मी भाजीची पिशवी हातात घेऊन मधे उभी राहिले.

"हात लावायचा नाही."

"वहिनी, ही कॉमन जागा आहे. कॉलनीची आहे. तुमचं आंगण नाही."

"जागा कॉलनीची आहे, साहेब, मी कुठे नाही म्हणते? बी माझं आहे. माझ्या भिंतीवरून तुम्ही नेलं, तुमच्या खड्ड्यात घातलं, तुमच्या खतातून आलं. आता उपटायचं असेल तर मला आधी उपटा."

बोलून गेले आणि मलाच कसंसं झालं, कारण आवाज माझा होता पण बोलणं वडिलांचं होतं. माळी विळा मागे लपवून उभा होता. सेक्रेटरी म्हणाले, मीटिंगमध्ये विषय घेऊ. मी म्हटलं घ्या. आणि घरून खुर्ची आणून वेलापाशी बसले.

मग रोज सकाळी तिथेच बसायचे. मेथी तिथेच निवडली, लसूण तिथेच सोलला. येणारे-जाणारे विचारायचे, मी सांगायचे, अगदी मिलपासून सुरुवात करून. दुपारी उन्हात हे छत्री घेऊन यायचे आणि म्हणायचे, "तू जेवून ये, मी बसतो." आयुष्यात त्यांनी कोणाशी भांडण केलेलं नाही, पण एकदा माळी जवळ आला तेव्हा म्हणे खुर्चीतून उठून उभे राहिले होते. मीटिंगमध्ये विषय निघाला आणि चहात विरून गेला.

भाद्रपदात गिलक्या लागल्या. बुटक्या, जाड. पहिलीच धरली तिला मी जुन्या साडीची लाल चिंधी बांधली, कॉलनीच्या नावाच्या बरोबर वर. खालच्या गिलक्या ज्याला हव्या त्याने तोडून नेल्या. सेक्रेटरींच्या घरीही एक गेली असं ऐकलं. चिंधीची मात्र वेलावरच राहिली, दिवाळीच्या रोषणाईतही लटकत राहिली, सुकली, वाजू लागली.

मार्गशीर्षात मी ती उतरवली. नवऱ्याच्या ओंजळीवर टोक मोडून झटकली. बी पांढरं होतं, सगळं. हे हळूच म्हणाले, "बाबांचंच." मी मान हलवली.

शेण कालवलं, राख मिसळली, आणि बादली घेऊन बाहेर गेले. निळी भिंत तशीच होती. हिरव्या झाडावर, फांद्यांच्या मधे, मी एकेक गोळा थापायला लागले. सेक्रेटरी सकाळच्या फेरीला निघाले होते, ते थांबले. गोळ्यांकडे पाहिलं, माझ्या कोपरापर्यंत माखलेल्या हाताकडे पाहिलं.

"वहिनी," ते म्हणाले, "सर्वेची टीम यायचीय."

"येऊ द्या की," मी म्हटलं. "हे काय आहे म्हणून विचारलं तर सांगा, मिल क्वार्टरचं आहे."

आणि पुढचा गोळा हसणाऱ्या सूर्याशेजारी थापला.