माझ्या सासूच्या बहिणीचं गाणं

आमच्या गंजाडला आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, बाया वाकल्या की एक गाणं हमखास निघतं. नवऱ्याने विहिरीत ढकललेल्या बाईचं. एकीने ओळ सांगायची आणि बाकीच्या रांगेने ती जशीच्या तशी झेलायची, हा रिवाज. 'हसली गो बाय परक्याला, म्हणून गेली पाण्यात.' चाल इतकी गोड, काय सांगू!

माझी सासू तेवढी हे गाणं झेलायची नाही. ते निघालं की बांधावर जाऊन तंबाखू मळत बसायची. मी उधव्याहून नवी नवी आलेली, मला वाटायचं, म्हातारी कामचुकार आहे. एका संध्याकाळी चिडून विचारलंच. चुलीत लाकूड सारत ती म्हणाली, "ती माझी मोठी बहीण होती गो."

मग तिने खरं काय झालं ते सांगितलं. परका कोणी नव्हताच. नवरा पिऊन आला, भाकर झाली नव्हती, एवढंच. तो तुरुंगात जाऊन परतही आला. पण गाणं रचलं त्याच्या गावच्या बायांनी. बाईला मारलं म्हणजे तिचंच काहीतरी असणार! आणि आमच्याकडे गाण्यात आलं ते खरंच, त्यावर कोण बोलणार?

"त्याची शिक्षा संपली," सासू म्हणाली, "हिची दर आवणीला चालू. मरायच्या आधी एकदा तिचं खरं ऐकायचंय मला."

"मग सांग की तू ओळ!"

"मला कुठं गाता येतं?"

"मला तरी कुठं येतं? तू सांग, मी झेलते."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकीच्या शेतात आवणी होती. काकीने गाणं काढलं. सासू बांधावर गेली नाही. घोगऱ्या आवाजात मध्येच म्हणाली, "नव्हती हसली कोणाला, माझी बाय गो."

रांगेतले हात रोपं लावत राहिले, ओळ कोणी झेलेना. माझं डोकंच फिरलं. "काय गो, दातखीळ बसली का सगळ्यांची? ओळ दिलीय, झेला!" आणि मी एकटीनेच झेलली, बेसूर. मग काकीने झेलली, मग साऱ्यांनी.

सासू थांबेचना. बहिणीने कडेवर घेऊन विवळवेढ्याची जत्रा दाखवली, ते सांगितलं. आपल्या वाटणीचा मासा हिच्या ताटात टाकायची, ते सांगितलं. आम्ही झेलत होतो. माझे डोळे वाहत होते आणि हात चिखलाने भरलेले, पुसू कशाने? केवढी माया होती गं त्या पोरीची!

आता विहीर येणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. रोपं संपत आली, शेवटचा बांध आला. सासूच्या गाण्यात तिची बहीण अजून अंगणातच बसली होती, धाकटीचे केस विंचरत. काकीने पुढची ओळ मागितली. सासू म्हणाली, "बस. इथंच राहू दे तिला."